आठवीचा मुलगा आणि दुसरीचे पुस्तक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजवर वर्धापनदिनाला मी व्यासपीठासमोर बसत आले. आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळ मागच्या बाजूला, मसालेभाताच्या पातेल्यापाशी. ह्या वर्षी चिटणीसबाईंनी माझे नाव बोलणाऱ्यांच्या यादीत घातले, तेव्हा मी हातच जोडले. म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "गेले वर्षभर जे करता आहात तेवढेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले तर आपल्यातलीच एक म्हणून सांभाळून घ्या.

विषय वाचनाचा आहे. पण पुस्तके वाचावीत, वाचनाने मन मोठे होते, हे मी सांगणार नाही. ते सांगणारी मोठी माणसे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते रोज दप्तर घेऊन हायस्कुलात जाणाऱ्या, आणि तरीही धड वाचता न येणाऱ्या मुलांविषयी. त्यांतला एक माझ्या घरात आहे, म्हणून मला हे बोलण्याचा अधिकार.

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझा धाकटा तेव्हा आठवीत होता. मी पोळ्या लाटत होते, हात कणकेचे. त्याने शाळेतून आलेली चिठ्ठी आणून दाखवली. मी म्हटले, "वाच बाबा तूच." त्याने अडखळत वाचले, "आपला पाल्य वाचन व लेखनात अप्रतिम असून पालकांनी वर्गशिक्षकांची भेट घ्यावी." मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी डब्यातला गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. संध्याकाळी हे कामावरून आले, त्यांना कौतुकाने चिठ्ठी दिली. ह्यांनी ती वाचली आणि गप्पच बसले. मग म्हणाले, "अगं, अप्रतिम नव्हे. अप्रगत लिहिले आहे."

माझा हात उठला. मला वाटले, पोराने आपल्याला फसवले, आणि वर गूळही खाल्ला. तो रडला नाही. रात्री अंथरुणे घालताना हळूच म्हणाला, "आई, मी खोटे नाही बोललो. मला तसेच दिसले."

भगिनींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगा खोटे बोलला असता तर बरे, असे त्या रात्री मला वाटले. खोटे बोलणारा मुलगा सुधारतो. पण आठ वर्षे शाळेत जाऊन 'अप्रगत' हा शब्द ज्याला 'अप्रतिम' दिसतो, त्याचे काय करायचे? आपण अप्रगत आहोत हेसुद्धा त्याला वाचता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वह्या काढल्या. अक्षर मोत्यासारखे. एकही पान कोरे नाही. इतिहासाची उत्तरे, विज्ञानाच्या आकृत्या, सारे जागच्या जागी. मी एक उत्तर बोटाने दाखवले आणि म्हटले, "हे तूच लिहिले आहेस ना? वाच." त्याला वाचता येईना. फळ्यावरचे तो वहीत उतरवत होता, जशी आपण रांगोळीच्या पुस्तकातली रांगोळी ठिपके मोजून उतरवतो. रांगोळी काढणारी बाई काही ती रांगोळी वाचत नाही. हेही तसेच. आणि वाचायची वेळ आलीच तर पहिली दोन अक्षरे पाहायची आणि पुढचे अंदाजाने म्हणायचे, ही त्याची युक्ती होती. घरात आम्हांला कसे कळले नाही? थोरली मुलगी घडाघडा वाचायची, म्हणून ह्यालाही येत असेल असे आम्ही धरून चाललो. शिवाय हल्ली मोबाईलला बोलून विचारले की तो बोलून सांगतो. मुलाला अक्षराची गरज घरात लागतेच कुठे?

मी शाळेत गेले. शाळेचे नाव घेत नाही, कारण हे एका शाळेचे दुखणे नाही. वर्गशिक्षिका मनाने चांगल्या. पण वर्गात साठाच्या वर मुले. म्हणाल्या, "वाचायला चौथीपर्यंत शिकवायचे असते. आठवीला मी वाचायला शिकवत बसले तर अभ्यासक्रम कधी पुरा करू?" त्यांचेही खोटे नव्हते. दुसरे कोणी तरी तिथेच म्हणाले, "आठवीचे कसेबसे होईल. पण नववीत जड जाईल. तेव्हा दाखला काढून दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरा."

हा सतरा नंबरचा फॉर्म काय ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचे, तर तो अर्ज भरावा लागतो. ज्याला कामधंदा करून शिकायचे आहे, ज्या बाईला संसार सांभाळून परीक्षा द्यायची आहे, त्यांच्यावर त्या अर्जाचे उपकारच आहेत. पण शाळेत रोज येणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तो दाखवणे म्हणजे बुडणाऱ्याला होडीतून उतरवून "आता पोहत ये" म्हणण्यासारखे आहे. शाळेत साठ मुलांत ज्याला वाचता आले नाही, तो घरी एकटा बसून दहावीचे पुस्तक कसे वाचणार?

मी घरी आले आणि शेजारच्या वहिनींकडे जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "आमच्या मोठ्याचे असेच झाले. नववीला दाखला काढला. फॉर्म भरायचा राहूनच गेला. आता मोटारसायकली दुरुस्त करायच्या दुकानात आहे." आणि मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "तो वाईट नव्हता हो अभ्यासात. आम्हांला वाटायचे, आळशी आहे." शेजारी राहून इतकी वर्षे आम्ही एकमेकींना हे सांगितले नव्हते. मूल वाचत नाही ही गोष्ट आपण घरातल्या भांडणासारखी झाकून ठेवतो.

ते आपण मंडळात उघड केले. आपल्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी सांगितले की रागावण्याआधी मूल कुठे अडते ते पाहा. मुंबईच्या वस्त्यांत १९९५ च्या सुमारास 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. तिच्या लोकांनी एक साधी तपासणी बसवली आहे. आधी सुटी अक्षरे, मग साधे शब्द, मग पहिलीच्या तोडीचा छोटा परिच्छेद, आणि शेवटी दुसरीच्या तोडीची लहानशी गोष्ट. मूल ह्या चार पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर थांबते ते पाहायचे. त्याला ना यंत्र लागते, ना पदवी. एक कागद आणि शांत आवाज पुरतो.

आपण एका गुरुवारी भजनाच्या आधी मुलांना बोलावले. सहावी ते नववीची अकरा मुले आली. एकेकाला आत बोलावून वाचायला दिले, म्हणजे दुसऱ्यासमोर लाज नको. गोष्ट सरळ वाचणारी चार निघाली. पाच जणांना परिच्छेद कसाबसा आला, गोष्ट आली नाही. दोघे शब्दांशीच थांबली. त्या दोघांतली एक मुलगी नववीत होती. ती वर्गात इतकी गप्प आणि नीटनेटकी, की तिच्याविषयी आजवर कोणाची तक्रार आली नव्हती. दंगा करणाऱ्या मुलाकडे निदान लक्ष तरी जाते. गप्प बसणाऱ्या मुलीकडे कोण पाहणार?

हे आपल्याच आळीत असेल असे कोणी समजू नये. 'असर' नावाची पाहणी देशभर होते. तिचा २०२३ सालचा अहवाल चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा होता. अठ्ठावीस जिल्ह्यांतली ३४ हजारांहून अधिक मुले त्यांनी घरोघर जाऊन पाहिली. त्यांतली सुमारे शंभरात पंचवीस मुले आपल्याच भाषेतला दुसरीच्या तोडीचा मजकूर सरळ वाचू शकत नव्हती. आणि ह्या वयाच्या शंभरांपैकी शहाऐंशीच्या वर मुलांची नावे शाळा-कॉलेजांच्या पटावर होती. म्हणजे पटावर नाव असूनही वाचता न येणारी मुले पुष्कळ आहेत.

असे का होते, ह्याचा मी माझ्या बुद्धीप्रमाणे विचार केला.

एक तर करोना. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझा मुलगा तिसरीत होता. शहरातल्या लहान वर्गांची दारे पुन्हा उघडली ती डिसेंबर २०२१ मध्ये, आणि तेव्हा तो पाचवीत बसला. मधली चौथी कुठे गेली? आमच्या घरात एकच मोबाईल, तो ह्यांच्याबरोबर कामावर. ज्या वयात अक्षर हातात बसायचे, त्या वयात तो पावणेदोन वर्षे गॅलरीत बसून होता. त्या वेळी पहिली ते तिसरीत असलेली मुले आज हायस्कुलात आहेत. ती वर्षे कोणी भरून दिली नाहीत, फक्त वर्ग पुढे सरकले.

दुसरे कारण करोनाच्याही आधीचे. प्रत्येक वर्ग असे धरून चालतो की मागच्या वर्गाने शिकवले असेल. पाचवीचे मास्तर म्हणतात चौथीने शिकवले, आठवीच्या बाई म्हणतात सातवीने. आपल्या घरात नवी सून आली आणि तिला कणीक मळता येत नसली, तर आपण पहिल्याच दिवशी तिला पुरणपोळी करायला सांगतो का? आणि पोळी फुटली तर "हिला पुरण समजत नाही" म्हणतो का? आधी कणकेपाशी जाऊन पाहतो. इथे मात्र मुलाला कणीक मळता येत नाही हे न पाहता आठ विषयांच्या पुरणपोळ्या त्याच्यापुढे ठेवतात.

तिसरे म्हणजे आठवी-नववीचे पुस्तक दुसरीच्या पुस्तकासारखे नसते. ज्याला साधे वाचता येते तोही तिथे अडतो. वाक्ये लांब, शब्द जड. विज्ञानाची भाषा निराळी, इतिहासाची निराळी, गणिताची त्याहून निराळी. आणि ती वाचायची कशी हे कोणी शिकवत नाही. वाचन हे मराठीच्या बाईंचे काम, असे बाकीचे शिक्षक समजतात.

आता आम्ही काय केले ते सांगते.

पहिली अडचण लाजेची. आठवीचा मुलगा, ओठांवर मिसरूड फुटू लागलेली, तो दुसरीचे पुस्तक घेऊन कसा बसणार? मी पुस्तक समोर ठेवले तर त्याने ते पालथे घातले. मग वहिनींना एक युक्ती सुचली. त्यांची धाकटी दुसरीत आहे. त्या त्याला म्हणाल्या, "अरे, मला स्वयंपाक असतो. हिला रोज संध्याकाळी एक धडा वाचून दाखवशील का?" झाले! तो दादा झाला. तिला वाचून दाखवायचे म्हणून तो दुपारी घरात आधी गुपचूप वाचून ठेवू लागला. ती पोर मोठी खट्याळ. तो अंदाजाने शब्द म्हणाला की ती लगेच म्हणायची, "दादा, तिथे तसे नाही लिहिलेले!" तिने जेवढे शिकवले तेवढे मला शिकवता आले नसते.

दुसरे, जड शब्द फोडायचे. हे निवृत्त शिक्षिकाबाईंनी आम्हांला शिकवले. 'समद्विभुज त्रिकोण' हा शब्द पाहून मुले घाबरली, आणि खरे सांगते, मीही घाबरले. बाई म्हणाल्या, सम म्हणजे सारखे, द्वि म्हणजे दोन, भुज म्हणजे हात किंवा बाजू. ज्याच्या दोन बाजू सारख्या तो समद्विभुज. वहिनी लगेच म्हणाल्या, "अगबाई, लग्न झाले की चतुर्भुज झाला म्हणतो, त्यातलाच हा भुज का?" सगळ्या हसल्या, पण तो शब्द त्या दिवसापासून एकही मूल विसरले नाही. 'अपूर्णांक'ही तसाच. अ, पूर्ण, अंक. पुरा नसलेला अंक. मी शाळेत अपूर्णांकांची गणिते केली होती, पण त्या नावाचा अर्थ मला चाळिशीत कळला.

तिसरे गणिताचे. माझ्या मुलाला भागाकार येतो, गुणाकार येतो, पण शाब्दिक उदाहरण आले की तो अडतो. एके दिवशी उदाहरण होते: एका दुकानदाराने बारा वह्या २४० रुपयांस घेतल्या व प्रत्येक वही २५ रुपयांस विकली, तर त्यास एकूण नफा किती? त्याने २४० ला बाराने गुणून ठेवले. मी तेच उदाहरण भाकरी थापता थापता तोंडी सांगितले, तर त्याने क्षणात उत्तर दिले, "साठ रुपये." म्हणजे गणित येत होते, उदाहरण वाचता येत नव्हते. त्याला गणितात मिळालेली शून्ये वाचनाची होती. तेव्हापासून आमचा नियम असा की उदाहरण सोडवण्याआधी ते आपल्या शब्दांत सांगायचे: काय दिले आहे, काय विचारले आहे.

चौथे, वाचून झाले की पुस्तक मिटून दोन वाक्ये स्वतःची लिहायची. पुस्तकातली नव्हे, गाईडातली नव्हे. पहिले कित्येक दिवस "मला धडा आवडला" ह्याच्या पलीकडे गाडी जाईना. पण हळूहळू गेली.

हे सगळे आपण मंडळाच्या खोलीत संध्याकाळी अर्धा तास केले. पण अर्ध्या तासाने शाळेचे सहा तास भरून निघत नाहीत, हेही आम्हांला कळले. म्हणून आम्ही पाच आया मिळून शाळेत गेलो. एकटी गेले होते तेव्हा मला बाकावर बसवून ठेवले होते. पाच जणी गेलो तेव्हा खुर्च्या आल्या. आम्ही भांडलो नाही. मुलांची नावे न सांगता आमची तपासणी मुख्याध्यापकांपुढे ठेवली आणि दोनच गोष्टी मागितल्या. एक, प्रत्येक विषयाच्या शिक्षकांनी धडा शिकवण्याआधी पाच मिनिटे त्यातले चार जड शब्द फोडून सांगावेत आणि एक परिच्छेद मुलांकडून वाचून घ्यावा. दुसरी, जी मुले मागे आहेत त्यांना आठवड्यातून तीन तास, वर्ग कोणताही असो, त्यांच्या पायरीप्रमाणे एकत्र बसवून वाचन द्यावे.

दुसरी मागणी मान्य झाली, पण तीन तास नाही, दोन. पहिली सर्व शिक्षकांनी मानली नाही. पण विज्ञानाच्या सरांनी मानली. ते म्हणाले, "मला वाटायचे मुलांना विज्ञान समजत नाही. त्यांना माझे शब्दच समजत नव्हते." एवढे मोकळेपणाने बोलणारा शिक्षक मिळणे हेही भाग्यच.

इथे एक शंका एका पालकबाईंनी घेतली होती, तिचे उत्तर आज सर्वांसमोर देते. त्या म्हणाल्या, "मागच्या मुलांना जास्त तास, मग माझ्या हुशार मुलीवर अन्याय नाही का?" भगिनींनो, आपण पंगत वाढतो तेव्हा पंक्तिप्रपंच करू नये हे खरे. पण घरात कोणी आजारातून उठलेले असेल तर त्याच्यासाठी मऊ भात आपण वेगळा काढतो. त्याला कोणी पंक्तिप्रपंच म्हणत नाही. सगळ्यांचे पोट भरावे हा हेतू. आपल्या कल्याण-डोंबिवलीत चौकाचौकांत क्लासच्या पाट्या आहेत. ज्याच्या घरी पैसा, तो मूल मागे पडले की क्लास लावतो. ज्या घरची आई पहाटेच्या गाडीने कामाला जाते, त्या मुलाला शाळेशिवाय दुसरे कोण आहे? सर्वांना सारखे वाढले, पण एकाला ते चावताच येत नाही, तर त्याच्या ताटात वाढून न वाढल्यासारखेच.

आणि मुलासाठी शाळेने वाकावे हे आपल्या ठाणे जिल्ह्याला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना शिकवत होत्या. ते कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. मुले गुरांमागे रानात जातात, शाळेत येत नाहीत, असे दिसले तेव्हा त्यांनी मुलांना बोल लावला नाही. शाळाच कुरणात नेली. तिला नावच कुरणशाळा पडले. अलीकडचे पाहा. ठाण्यात तीन हात नाक्यावर उड्डाणपुलाखाली सिग्नलला वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली. समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि ठाणे महानगरपालिका ह्यांनी मालाच्या लोखंडी पेट्यांत वर्ग थाटले, आणि तिथली मुले पुढे दहावी पास झाली. आणि माझ्या माहेरच्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी तर २०१६ च्या ८ मार्चला आजीबाईंची शाळा निघाली. साठ वर्षांच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटीदप्तर घेऊन सही करायला शिकल्या. पुलाखाली शाळा भरते, सत्तरीच्या आजीला अक्षर शिकवता येते, तर भिंती, बाके, फळा सारे असलेल्या हायस्कुलात आठवीच्या मुलाला "आता उशीर झाला" असे का म्हणावे?

मुरबाडचे नाव निघाले म्हणून माझेही थोडे सांगते. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढचे हायस्कूल लांब. थोरल्या भावाला सायकल मिळाली, मला मिळाली नाही. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, तशी रीतच होती. मला वाचायला आवडायचे. सातवीच्या निकालाच्या दिवशी मी पुस्तके धाकट्या बहिणीला दिली, त्यांना कव्हरे घालून. माझ्यापुढे शाळा नव्हती म्हणून मी थांबले. माझ्या मुलापुढे शाळा होती, चार पावलांवर होती, आणि तरी तो थांबणार होता. हे मला सहन झाले नाही. त्याला मारले त्याचे दुःख आहेच, पण तेवढे मारून मी स्वस्थ बसले असते तर त्याहून मोठे पाप झाले असते.

कायद्याचेही थोडे माहीत असावे. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. आधी त्यात आठवीपर्यंत नापास करायचे नाही असे होते. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. परीक्षा यावी की न यावी, हे मोठ्यांनी ठरवावे. मला एवढेच दिसते की ज्याला वाचता येत नाही तो ढकलला तरी बुडतो आणि अडवला तरी बुडतो. आणि नववीत तो कायदा त्याच्या पाठीशी राहत नाही. म्हणून आठवीतच डोळे उघडे ठेवले पाहिजेत, आणि खरे तर पाचवीत.

माझ्या मुलाचे काय झाले, असे विचाराल. चमत्कार झाला नाही. आठवीची परीक्षा तो पास झाला, गुण बेताचे. आज नववीत आहे. गोष्ट सरळ वाचतो, वर्तमानपत्राची मोठी बातमी वाचतो, इतिहासाच्या पुस्तकात अजून अडतो. त्या अकरांपैकी एक मुलगा मध्येच येईनासा झाला, त्याचे घर दिव्याला हलले. ती नववीतली गप्प मुलगी आता दहावीत आहे. तिच्या वडिलांनी दाखला काढायचे ठरवले होते. आम्ही तिघी रात्री नऊ वाजता त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तो विचार राहिला. मार्चात तिची परीक्षा आहे. तिच्यासाठी देवापाशी मागणे मागा, आणि शक्य असेल त्यांनी संध्याकाळी येऊन तिच्याबरोबर बसा.

आता माझे मागणे. २०१७ साली आपल्या डोंबिवलीत नव्वदावे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा ग्रंथदिंडी पाहायला आपण नटूनथटून गेलो होतो. हा माझा धाकटा बालवर्गात होता, माझे बोट धरून होता. कल्याणला १८६४ सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्याला १८९३ सालापासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पुस्तकांना आपल्याकडे तोटा नाही. ती वाचणारी मुले घडवणे हे काम उरले आहे, आणि ते आपल्या हातचे आहे.

म्हणून प्रत्येकीने येत्या रविवारी आपल्या मुलाला, मग तो कितवीतही असो, त्याच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगावा आणि नंतर "काय समजले?" एवढेच विचारावे. मराठीचे पुस्तक नको, विज्ञानाचे किंवा इतिहासाचे घ्या. अडला तर हात उचलू नका. मी उचलला, त्याने एक अक्षरही आले नाही. पालकसभेला गेलात तर गुण किती हे विचारा, पण "माझ्या मुलाला वाचता येते का?" हेही विचारा. आणि कोणाच्याही मुलाचा नववीत दाखला काढायची गोष्ट निघाली, तर सही करण्याआधी मंडळात या. एकटीने शाळेत जाऊ नका. आम्ही बरोबर येऊ.

आज इथे येण्यापूर्वी हे भाषण मी मुलाकडून मोठ्याने वाचून घेतले, कारण त्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय सांगणे बरे नव्हे. 'पंक्तिप्रपंच' ह्या शब्दाशी तो अडला. त्याने तो फोडला, पुन्हा म्हटला, आणि पुढे गेला. माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका त्यानेच काढल्या. 'अप्रगत'पाशी आला तेव्हा थोडा थांबला. मी म्हटले, "काढून टाकू का रे हे?" तो म्हणाला, "राहू दे. पण गुळाचे सांगू नकोस."

ते तेवढे मी ऐकले नाही. त्याबद्दल घरी गेल्यावर त्याची क्षमा मागीन.